शेजाऱ्याची रोपं

शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे भडकूबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की हेच नाव, आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं. एकदा मला म्हणालीही, की भडकायला कारण असतं म्हणून मी भडकते, हौस म्हणून कोण भडकतं? ती तिसरीच्या एका तुकडीवर, मी चौथीच्या. आमच्या दोघींच्या मध्ये प्लायवूडची एक भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे तिचं शिकवणं मी वर्षानुवर्षं ऐकलं आहे आणि एक गोष्ट छातीठोकपणे सांगते, मुलांवर तिचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. तिचा भडका उडायचा तो मोठ्यांवर. आणि आमच्या शाळेतल्या मोठ्यांनी कामंच तशी करून ठेवली होती.

आमच्या शाळेने मध्येच भाषा बदलली. पालकांना वाटलं, त्या भाषेत शिकली की पोरं पुढे निघून जातील. संस्थेला वाटलं, त्या भाषेची पाटी लावली की प्रवेश वाढतील. दोघांचं छान जमलं. एका सुट्टीत पाटी रंगवून झाली आणि शाळा उघडली तेव्हा बेरीज, हातचा, भागाकार, सगळं परक्या भाषेत. ज्या लेकरांना त्या भाषेत प्यायला पाणी मागता येत नव्हतं, त्यांना आम्ही त्या भाषेत अपूर्णांक शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीच्या दारावर सूचना लागली, की येथे फक्त शाळेचीच भाषा बोलावी. आत बसून आम्ही आपल्याच भाषेत कुजबुजत असू. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्याही आपल्याच भाषेत बोलत, फक्त दार लावून घेत.

गंमत अशी, की आमच्यात ती भाषा सर्वांत चांगली यायची ती भडकूबाईलाच. लहानपणी ती दुसऱ्या शहरात, त्या भाषेच्या लोकांत वाढलेली. बोलायला लागली की पाणी वाहावं तशी बोलायची, आम्ही आपले दगडावरून पाय टाकत पलीकडे जाणारे. त्यामुळे तिला भाषेचा दुस्वास आहे असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती. ती म्हणायची, भाषा शिकवा, खूप शिकवा, गाणी शिकवा, भांडायला शिकवा. पण गणिताला त्या भाषेच्या दारात ताटकळत का उभं करता?

तिची स्वतःची एक रीत होती. कुठलंही शाब्दिक गणित आलं की आधी दोन मुलं उठवायची. एक होणार दुकानदार, दुसरं गिऱ्हाईक, किंवा जे काय त्या गणितात असेल ते. तिच्याकडे बाटल्यांच्या बुचांनी भरलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा होता. त्या बुचांची कधी अंडी व्हायची, कधी मेंढ्या, कधी बसमधले प्रवासी. मुलं ती हातात घेऊन गणित अक्षरशः करून बघायची. मग ती सांगायची, "आता हेच घरी आजीला सांगशील तसं सांग." पोरगं आपल्या भाषेत धडाधडा सांगून टाकायचं. ते नीट झालं की म्हणायची, "आता पाहुण्यांना सांग." म्हणजे शाळेच्या भाषेत. तिच्या वर्गात त्या भाषेचं नावच पाहुण्यांची भाषा पडलं होतं. अडखळत, एकमेकांना शब्द पुरवत मुलं तेच गणित पाहुण्यांना सांगायची आणि मगच पाटीवर आकडे उतरायचे. वेळ लागायचा. पण प्लायवूडच्या अलीकडे मला कळायचं, की पलीकडे डोकी चालताहेत.

हा वेळ मोठ्या बाईंच्या डोळ्यांत खुपायचा. त्यांनी स्वतः एक तक्ता तयार केला होता. हिरव्या चौकटीत अधिकचं चिन्ह आणि खाली शाळेच्या भाषेतले शब्द: एकूण, मिळून, जास्त, आणखी. लाल चौकटीत उणेचं चिन्ह आणि उरले, दिले, कमी, हरवले. गुणाकार-भागाकारालाही अशाच दोन चौकटी. मुलांनी गणित समजून घ्यायचं कारणच नाही. त्यातला ओळखीचा शब्द शोधायचा, त्याखाली रेघ मारायची, तक्त्यावर रंग बघायचा आणि आकड्यांवर ते चिन्ह चालवायचं. याचं एक गाणंही बसवलं होतं, हातवाऱ्यांसकट. बाहेरून कोणी साहेब आले की अख्खा वर्ग ते गाणं म्हणायचा आणि साहेब फोटो काढून घेऊन जायचे. दुसऱ्या शाळांनी तक्त्याची नक्कल मागवली, मोठ्या बाईंचा सत्कार झाला. भडकूबाई सोडून आम्ही सगळ्या शिक्षिका त्यांची री ओढत राहिलो, कारण तक्त्याने निकाल चांगला लागत होता.

त्या मुलांचं पुढे काय होतं ते मला विचारा. ती चौथीत माझ्याकडे यायची. पाठ्यपुस्तकातलं गणित वाचून झालंही नसायचं, तोवर रेघ मारून बेरीज करून मोकळी. उत्तर काय आलं, त्याला काही अर्थ आहे का, हे विचारलं की माझ्याकडे अशी बघायची की मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. फक्त भडकूबाईच्या वर्गातून आलेली थोडीशी निराळी असायची. ती थांबायची, डोकं खाजवायची, वाद घालायची. मला ती आवडायची, जरी त्यांचे गुण जरा कमीच असत.

तक्ता तिच्याही वर्गात लावलेला होता, लावणं भागच होतं. तिने त्यावर शाळेतलाच एक नकाशा टांगला. मोठ्या बाई आल्या की नकाशा काढायची, गेल्या की पुन्हा टांगायची. हे चालू असताना तोंडाने काय काय पुटपुटायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, पुढच्याच खोलीत टेबल मांडून. अत्यंत शांत गृहस्थ. मी कधी तिच्याबरोबर चहाला गेले तर ती दारातूनच सुरू व्हायची, आणि ते डोळ्याला भिंग लावून एखाद्या घड्याळात मान घालायचे. मला म्हणाले, भिंग लावलं की तिला वाटतं मी कामात आहे, पण ऐकतो सगळं. सासरे पूर्ण बहिरे. त्यांच्यासमोर ती सर्वांत मोकळेपणी भांडायची, आणि ते प्रत्येक वाक्याला मान डोलवायचे. मुलगा नोकरीनिमित्त दूर होता, फोनवर म्हणायचा, आई, सोड ना आता, निवृत्तीला किती राहिलंय. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निवृत्तीला थोडं राहिलं म्हणून मुलांना खोटं शिकवू का, असं म्हणत ती चहाचे कप असे आपटायची की मी माझा आधीच उचलून धरत असे.

आता जिच्यावरून सगळं घडलं त्या मुलीबद्दल. शिंप्याची मुलगी. शाळेच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं एका मशीनचं दुकान, आई दाराशी बसून काजं करायची. अंगाने एवढीशी म्हणून मुलं तिला मुंगी म्हणायची. बोलायची कमी, पण गणित करून बघायला उठवलं की हरखून जायची. बुचं वाटताना ती आधी डोळे मिटून घ्यायची, मनात काहीतरी मांडायची आणि मग बरोबर तेवढीच उचलायची. भडकूबाईचा तिच्यावर जीव होता.

तिचा थोरला भाऊ आमच्याच शाळेत होता. तिसरीला गणितात नापास झाला आणि आधारवर्गात गेला. आधारवर्ग म्हणजे पाण्याच्या पंपाशेजारची खोली. मागे पडणाऱ्या मुलांना आधार द्यायचा म्हणून ती उघडली होती. प्रत्यक्षात पोरं दिवसभर चित्रं रंगवायची आणि बागेला पाणी घालायची. त्या खोलीत गेलेलं मूल परत वर्गात आलेलं मी पाहिलं नाही. तिथून ती हळूहळू शाळेतूनच नाहीशी व्हायची, कुणाच्या लक्षातही न येता. हा पोरगा आता एका गॅरेजात टायर उतरवत होता. म्हणून शिंप्याने आधीच येऊन भडकूबाईला हात जोडले होते, की हिला तेवढी त्या खोलीत जाऊ देऊ नका.

तिसरीच्या अखेरची परीक्षा मोठ्या बाई स्वतः काढत. प्रश्न त्यांचे, उत्तरं त्यांची, आणि तपासणी दुसऱ्याच शिक्षकांकडे. शाळेच्या माळ्याकडे कोणी बघत नसेल, पण मोठ्या बाईंना गणितात माळी फार आवडायचा. त्या वर्षी प्रश्न आला तो असा: माळ्याकडे चोवीस रोपं आहेत. ती शेजाऱ्याच्या रोपांपेक्षा नऊने जास्त आहेत. तर शेजाऱ्याकडे किती रोपं आहेत?

अर्थात शाळेच्या भाषेत. अख्ख्या तिसरीने ‘जास्त’खाली रेघ मारली, हिरवी चौकट आठवली आणि तेहतीस लिहिलं. भडकूबाईच्या मुलांनीसुद्धा. ऐन परीक्षेत गाणंच डोक्यात वाजतं, त्यांना तरी कसा दोष द्यायचा? एकट्या मुंगीने लिहिलं पंधरा. शेजारी छोटे छोटे गोल काढून नऊ खोडलेही होते.

तिला त्याचं शून्य मिळालं. तपासणाऱ्याने लाल फुली मारली, कारण उत्तरसूचीत तेहतीस होतं. मोठ्या बाईंनी प्रश्न काढताना स्वतःही रेघच मारली होती आणि हिरवी चौकट बघून बेरीज केली होती. आपल्याच तक्त्यात त्यांचा स्वतःचा पाय अडकला, आणि त्यांना पत्ताही नव्हता. ज्या सगळ्यांनी चूक लिहिलं ते पास. जिने बरोबर लिहिलं ती त्याच गणिताच्या गुणांनी नापास, आणि तिचं नाव आधारवर्गात.

भडकूबाईने तो पेपर प्लायवूडच्या वरून माझ्याकडे टाकला.   मी पेपर वाचला, आणि मलाही असा काही संताप आला की हातातला खडू मोडला. आम्ही दोघी तशाच उठून मोठ्या बाईंकडे गेलो. मुंगी पुढच्या वर्षी माझ्याच वर्गात यायची होती, तेव्हा माझंही तिथे काम होतंच.

मोठ्या बाई आधी हसल्या. मग भडकूबाईने डब्यातली बुचं त्यांच्या टेबलावरच्या काचेवर मांडली. चोवीस माळ्याची. यापेक्षा शेजाऱ्याची नऊ कमी, कारण माळ्याची जास्त आहेत. तेहतीस शेजाऱ्याची असतील तर मग माळ्याकडे जास्त कसली? मोठ्या बाई बुचांकडे बघत राहिल्या. त्यांनी एकदा बोट लावून मोजली. मग त्यांचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, चला, कळलं एकदाचं.

"कळतंय मला," त्या दार लावून घेऊन म्हणाल्या. "पण निकाल वर कळवून झालाय. एकीचं बरोबर केलं तर बाकी सगळ्यांचं चूक करावं लागेल. आणि तक्त्याचं काय सांगू मी लोकांना?"

"खरं सांगा," भडकूबाई म्हणाली. "चूक झाली म्हणा. मुलांना आपण रोज म्हणायला लावतोच की."

"तिला दोन गुण कृपेचे देऊन टाकू. मग तर झालं?"

"बरोबर उत्तराला कृपा कशाची? भीक घालताय का तिला?"

मी आजवर खूप निगरगट्ट माणसं पाहिली आहेत. पण न कळून चूक करणारा वेगळा आणि कळल्यावर ती सांभाळत बसणारा वेगळा. या दुसऱ्या जातीची मला किळस येते. मोठ्या बाईंना त्या खोलीत, त्या क्षणी, शेजाऱ्याकडे पंधराच रोपं आहेत हे आमच्याइतकंच ठाऊक होतं, आणि तरी त्या एका लेकराला पंपाशेजारच्या खोलीत पाठवायला तयार होत्या. मीही बोलले, चांगलं खडसावून बोलले. शेवटी बरीच बोलाचाली होऊन असं ठरलं, की मुंगीची तोंडी परीक्षा घ्यायची. तेच गणित विचारायचं, शाळेच्या भाषेत. तिने पंधरा सांगून ते पटवून दिलं, तर बरोबर धरायचं आणि बाकी सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासायचे. मोठ्या बाई नाइलाजाने हो म्हणाल्या.

भडकूबाई खूश झाली. तिला मुंगीची खात्री होती. पाहुण्यांची भाषा मुलीला पुरेशी येत होती, आणि बुचं तर तिच्या हातचा मळ. मला म्हणाली, एकदा त्या चिमुरडीच्या तोंडून ऐकलं ना, की तो तक्ता मी माझ्या हाताने उतरवते.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली ती वेण्या घट्ट घालून, इस्त्री केलेला गणवेश घालून. बाप सोबत होता. त्याला बाहेर बाकावर बसवलं. आत मोठ्या बाई, भडकूबाई आणि मी. मोठ्या बाईंनी सावकाश, एकेक शब्द तोडून प्रश्न विचारला. माळी, चोवीस, नऊने जास्त, शेजारी. टेबलावर बुचांचा डबा उघडाच ठेवला होता. मुंगीने नेहमीसारखे डोळे मिटले. मग उघडले, आणि डब्याला हातही न लावता मोठ्या बाईंकडे बघत, शाळेच्या भाषेत, पूर्ण वाक्यात, एकही चूक न करता तिने सांगितलं की शेजाऱ्याकडे तेहतीस रोपं आहेत.

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. शाब्बास म्हणाल्या, पाठ थोपटली, आणि उत्तर सुधारल्याबद्दल तिथल्या तिथे तिला पास करून टाकलं. कुणाचेच पेपर तपासायची गरज उरली नाही. भडकूबाईच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवेना.

बाहेर व्हरांड्यात तिने मुंगीला बाजूला घेतलं. आपल्या भाषेत विचारलं, खरं सांग, शेजाऱ्याकडे किती रोपं?

"पंधरा."

"मग आत तेहतीस का म्हणालीस?"

मुंगीने खाली मान घातली. म्हणाली, सगळ्या मुलींना विचारलं मी, तुम्ही काय लिहिलं म्हणून. मोठ्या बाईंना तेच पाहिजे होतं. तुम्ही रागावू नका बाई, मला माहीत आहे किती ते.

शिंपी तोवर आला आणि भडकूबाईच्या पायाशी वाकायला लागला. तुमच्यामुळे पोरगी वाचली, तुम्ही एवढं शिकवलं म्हणून आज तिने बरोबर सांगितलं, असं काय काय म्हणत होता.  भडकूबाईने बापाचे हात धरून त्याला उभं केलं, आणि तरातरा चालत आपल्या रिकाम्या वर्गात गेली. प्लायवूडच्या अलीकडून मला फक्त एक आवाज ऐकू आला, बुचांचा डबा जमिनीवर आपटल्याचा. मग बराच वेळ वेचलेलं एकेक बूच परत डब्यात पडत होतं.

मोठ्या बाईंनी पुढच्या वर्षी तिची तिसरी काढून घेतली आणि तिला आधारवर्ग दिला. तुम्हाला एवढा कळवळा आहे तर घ्या, अशा थाटात. तिने घेतला. जाताना दारातच ऐकवून गेली, की त्या खोलीत बघायला कुणी येत नाही हे एक बरं आहे. आता पंपाच्या आवाजावर आवाज काढून ती तिथे शिकवते, आणि भडकलेली असतेच. माझ्या शेजारी तिसरीला नवी शिक्षिका आली आहे. पलीकडून दिवसभर गाणं ऐकू येतं.

मुंगी माझ्याकडे चौथीत आली. आता तिचे गुण चांगले असतात. शाळेची भाषा झरझर बोलते, बाहेरचे कोणी आले की तिलाच पुढे करतात. पहिल्याच चाचणीत मी एक शाब्दिक गणित घातलं होतं, मुद्दाम तसंच, शब्द एका बाजूला ओढणारे आणि अर्थ दुसऱ्या बाजूला. बाकीची रेघा मारायला लागली. ती थांबली, डोळे मिटून बसली, आणि मग पेन्सिल हातात धरून माझ्या टेबलापाशी आली. हळूच, अगदी आदबीने विचारलं,

"बाई, उत्तर शाळेचं लिहू की घरचं?"

माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली, की समोर मोठ्या बाई असत्या तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण समोर ही होती, उत्तराची वाट बघत. मी जमेल तितक्या शांतपणे तिला म्हटलं, घरचं लिही.

ती हलली नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं तिने.

"मार्क द्याल ना पण?"